परक्या गोष्टीचे चित्र

दिवाळीचा अंक घरात आला म्हणजे मंडळी तो कोणत्या क्रमाने पाहतात, ह्याचे निरीक्षण आम्ही गेली कित्येक वर्षे करीत आलो आहो. संपादकीय कोणी वाचीत नाही, हे संपादकांसही ठाऊक असावे. राशिभविष्य आजोबांकडे जाते, कविता महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीकडे, आणि पाककृती असल्याच तर त्या माजघरात. परंतु ह्या सर्वांच्या आधी, वरचे वेष्टन फाडल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत, घरातील प्रत्येक माणूस अंकातील सारी चित्रे पाहून घेतो. कोणती गोष्ट वाचावी आणि कोणती राहू द्यावी, ह्याचा निकाल बहुधा त्या पाच मिनिटांतच लागतो. असे असूनही आपल्या मासिकांतून दिवाळी अंकांची परीक्षणे येतात तेव्हा चित्रांच्या वाट्याला काय येते? ‘सजावट आकर्षक आहे’ एवढे तीन शब्दांचे एक वाक्य, आणि तेही शेवटच्या परिच्छेदात, छपाई व किंमत ह्यांच्या शेजारी. ह्या अन्यायात आमचाही हात आहे. अशी परीक्षणे आम्ही स्वतः लिहिली आहेत. आज त्याच तीन शब्दांत दडलेल्या विषयाकडे वळावयाचे कारण थोडे खाजगी आहे, ते प्रथम सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी जळगावहून निघणाऱ्या एका अंकासाठी आम्ही एक गोष्ट लिहिली. गोष्ट लहान, रावेरकडच्या एका केळीच्या बागेची. मे महिन्याच्या अखेरीस वादळी वारा सुटतो आणि घडांनी लवलेला, कापणीला आठ दिवस उरलेला बाग रात्रीतून आडवा होतो. खानदेशातील वाचकांस हे दृश्य नवीन नाही. पहाटे गडी धावत येऊन वार्ता सांगतो. घरचा म्हातारा धनी अंगणात, निंबाच्या खोडाला टांगलेल्या आरशासमोर दाढी करीत बसलेला असतो. तो हात थांबवीत नाही. उरलेला गाल पुरा करतो, ब्रश धुऊन ठेवतो, आणि मग सुनेला एवढेच विचारतो की, पाणी आणखी तापले आहे का. गोष्टीत एवढेच घडते. म्हातारा बागेकडे फिरकतही नाही.

अंक हाती आला. आमच्या गोष्टीवर अर्ध्या पानाचे चित्र होते. आकाशात वीज कडाडत होती. खाली झाडे पडली होती, आणि त्यांची खोडे पाहता ती केळी नसून नारळी असावीत असा कोणाचाही ग्रह झाला असता. मध्यभागी एक म्हातारा कपाळावर हात मारून घेत होता, आणि त्याची दाढी पंधरा दिवसांची वाढलेली होती! जी गोष्ट आरंभापासून शेवटपर्यंत एका माणसाच्या दाढी करण्यावर उभी आहे, तिच्यावर हे चित्र. आमच्या संतापाला सीमा राहिली नाही. भाऊबीजेसाठी धुळ्यास भगिनीकडे जाणे होतेच. चित्रकार धुळ्याचे, एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक. एरंडोल, पारोळा मागे पडत होते आणि एस. टी. च्या खिडकीशी बसून आम्ही त्यांस काय काय सुनवावयाचे ह्याची जुळवाजुळव करीत होतो.

धुळ्याच्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, त्यामुळे घर चटकन सापडले. मास्तर घरीच होते. आमचा सगळा आवेश त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि मग आपला फोन पुढे केला. त्यावर संपादकांकडून आलेला संदेश होता. केळीची बाग, वादळ, म्हातारा शेतकरी, दुःखी. उद्या दुपारपर्यंत पाहिजे. एवढेच. दाढीचा उल्लेख नाही, निंब नाही, आरसा नाही, सून नाही. त्या एका रात्री मास्तरांस अशी नऊ चित्रे काढावयाची होती.

“भाऊ, तुम्ही गोष्ट कधी पाठविली होती?” त्यांनी विचारले.

ह्या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस जड गेले. संपादकांनी गोष्ट गणेशचतुर्थीपूर्वी मागितली होती. आम्ही ती घटस्थापना उलटून गेल्यावर पाठविली, आणि वर आणखी दोन दिवस एका वाक्यातील विशेषण बदलण्यासाठी मागून घेतले. आमच्यासारखे आणखी चौघे लेखक होते असे मागाहून समजले. म्हणजे चित्रकाराजवळ जे पंधरा दिवस असावयास हवे होते, ते आम्ही पाच जणांनी मिळून खाऊन टाकले होते, आणि आता आम्हीच जाब विचारावयास धुळ्यापर्यंत आलो होतो.

मास्तरांस अंकाची प्रतही मिळाली नव्हती. आमच्या पिशवीत होती ती त्यांनी मागून घेतली आणि तेथेच बसून गोष्ट वाचली. वाचून झाल्यावर काही बोलले नाहीत. एक जाड कागद पुढे ओढला, दौत उघडली, आणि टाकाने रेखाटू लागले. अर्ध्या घटकेत चित्र तयार झाले. त्यात वादळ नव्हते, बाग नव्हता. म्हातारा होता, पण पाठमोरा. त्याचा चेहरा आरशात असावा असे वाटे, परंतु आरसा असा तिरपा टांगलेला की त्यात नुसते आकाश दिसावे. आणि त्याच्या मागे, दोन पावलांवर, ऊन पाण्याचा तांब्या घेऊन सून उभी होती. तांब्याला पदराचे टोक धरले होते. ती सासऱ्याकडे पाहत नव्हती. ज्या दिशेला बाग होता तिकडे पाहत होती.

वाचकहो, आमच्या गोष्टीत सुनेच्या मुद्रेविषयी एक अक्षरही नाही. ती पाणी आणून देते आणि निघून जाते. परंतु ते चित्र पाहिल्यावर आमच्या ध्यानात आले की, गोष्ट म्हाताऱ्याची नव्हतीच. ज्या घरात पुरुषाने दुःख करावयाचे नाही असे ठरविले आहे, त्या घरात ते दुःख कोणाच्या हातात तांब्यासारखे राहते, ही ती गोष्ट होती, आणि ती लिहिणाऱ्यास ठाऊक नव्हती. कोणा टीकाकाराने आम्हांस हे सांगितले असते तर आम्ही वाद घातला असता. रेषेशी वाद घालता येत नाही.

त्या आठवड्यात मुंबईचे पाहुणे आले म्हणून त्यांस घेऊन अजिंठ्यास जाणे झाले. जिल्ह्याच्या हद्दीने पाहिले तर लेणी पलीकडच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. परंतु वाटेने ती आमचीच. जळगाव स्टेशनावर उतरावे, पहूरवरून फर्दापूर गाठावे, हा साठ किलोमीटरांचा रस्ता किती पिढ्यांच्या चित्रकारांनी तुडविला आहे! मेजर रॉबर्ट गिल ह्याने 1844 पासून पुढे कित्येक वर्षे येथे बसून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या, आणि त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866 साली लागलेल्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या. त्याला कोणी घाई केली नव्हती, तरी हाती काय राहिले? भुसावळच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत त्याची कबर आहे. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. त्यांच्याही बऱ्याच प्रतींस 1885 साली आगीनेच गाठले. असो. आम्ही लेणी पूर्वी पाच-सहा वेळा पाहिली होती. ह्या खेपेस मास्तरांचे चित्र डोक्यात घोळत असल्यामुळे ती निराळी दिसू लागली.

अजिंठ्याच्या चित्रकाराचे काम तरी दुसरे कोणते होते? गोष्ट त्याची नव्हती. ती जातकांतून, अवदानांतून, भिक्षूंच्या मुखांतून आलेली. भिंत त्याची नव्हती, ती दात्याची. आणि वेळही त्याचा नव्हता. वॉल्टर स्पिंक ह्या अमेरिकन पंडिताने आपले सारे आयुष्य ह्या लेण्यांत घालविले. त्याचे म्हणणे असे की, उत्तरकालीन लेणी शतकानुशतके सावकाश खोदली गेली ही समजूत चुकीची असून वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या कारकीर्दीतील जेमतेम वीस वर्षांत हा सर्व प्रपंच उभा राहिला; आणि इ. स. 477 च्या सुमारास हरिषेण वारला तेव्हा आपापल्या लेण्यात निदान बुद्धमूर्तीची प्रतिष्ठा तरी होऊन जावी म्हणून दात्यांची एकच धांदल उडाली. स्पिंकची ही कालगणना सर्वांस मान्य नाही. तथापि पाचव्या किंवा चोविसाव्या लेण्यात उभे राहिले म्हणजे तेथील अर्धवट कोरलेले खडक पाहून, कोणी तरी ‘आता थांबा’ म्हणून सांगितले असावे, एवढे कोणासही पटेल. सतराव्या लेण्याच्या शिलालेखातला दाता तर आपल्या धाकट्या भावाच्या, रविसांबाच्या, मृत्यूने खचलेला माणूस आहे. त्याचे घराणे ऋषिक देशावर, म्हणजे आजच्या खानदेशावर, राज्य करीत होते असे महामहोपाध्याय मिराशी ह्यांनी प्रतिपादिले आहे. त्यांचे मत ग्राह्य धरले तर आपल्याकडच्या सचित्र कथांचा सर्वांत मोठा संग्रह एका शोकमग्न खानदेशी राजाच्या खर्चाने निघाला, असे म्हणता येईल. अशा आश्रयदात्यास ‘महाराज, आणखी दोन वर्षे द्या’ हे कोण सांगणार?

इटलीतील भित्तिचित्रकाराला ओल्या गिलाव्याचा धाक असे. त्या दिवशीचा चुना सुकण्यापूर्वी त्या दिवशीचा भाग पुरा झालाच पाहिजे. अजिंठ्याचा गिलावा मातीचा, त्यात भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेले, वरून चुन्याचा पातळ हात दिलेला, आणि रंगकाम त्या कोरड्या पृष्ठावर झालेले. म्हणजे मुदत घालावयास भिंत तयार नव्हती. ती माणसांनीच घातली. आमच्या संपादकांप्रमाणेच, म्हणा ना.

परंतु त्या घाईत त्या चित्रकारांनी काय निवडले ते पाहावे. सोळाव्या लेण्याच्या डाव्या भिंतीवर एक प्रसिद्ध चित्र आहे. एक सुंदर स्त्री आसनावर कलंडली आहे, मान लवली आहे, डोळे मिटत चालले आहेत, दासी तिला सावरीत आहेत. एकोणिसाव्या शतकातील पाहणारांस गोष्ट ठाऊक नव्हती, सबब त्यांनी ह्या चित्रास ‘मरणासन्न राजकन्या’ असे नाव दिले. ग्रिफिथ्सने तर भावदर्शनाच्या बाबतीत हे चित्र फ्लॉरेन्स आणि व्हेनिस येथील कोणाही चित्रकारास हार जाणार नाही अशा अर्थाचा अभिप्राय दिला. राजकन्या मरत नव्हती. ती बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची, पत्नी सुंदरी. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात सुंदरी आपल्या मुखावर रेखाटन करीत असते आणि नंद तिच्यासमोर आरसा धरून असतो. बुद्ध दारावरून भिक्षेवाचून परत गेले असे कळते म्हणून तो त्यांच्या मागे जावयास निघतो, आणि ती त्यास बजावते की, माझ्या कपाळावरचा हा ओला लेप वाळण्यापूर्वी परत ये. (मुदतीची गोष्ट येथेही आहेच.) तो परत येत नाही. त्यास भिक्षू केले जाते. भिंतीवर तिच्यासमोर एक सेवक हातात नंदाचा मुकुट घेऊन उभा आहे.

आता मास्तरांस आला तसा संदेश ह्या चित्रकारास आला असता तर? ‘राजपुत्र, संन्यास, मुंडन, पत्नी दुःखी.’ सामान्य चित्रकाराने मुंडनाचाच प्रसंग मध्यभागी घेतला असता. वस्तरा, गळणारे केस, नंदाच्या डोळ्यांतले पाणी, सारे काही तेथे आयते होते. ह्याने घटना सोडली आणि घटनेची वार्ता जेथे पोहोचते ते ठिकाण धरले. मुकुट आला, डोके आले नाही. एवढ्याने सगळे सांगून झाले.

हे एकदा घडले असते तर योगायोग म्हटला असता. परंतु दहावे लेणे ह्याहून किमान पाचशे वर्षांनी जुने, आणि तेथे षड्दंत हत्तीचे जातक रंगविलेले आहे. पूर्वजन्मीच्या मत्सराने राणी त्या हत्तीचे सुळे मागविते. व्याध ते घेऊन येतो. आणि सुळे समोर येताच राणी कोसळते. अरण्यातील हत्तींचा कळप त्या चित्रकाराने अत्यंत प्रेमाने रंगविला आहे, पण त्याचा हात खरा थबकतो तो राणीपाशी. तेथे मुकुट, येथे सुळे. पाचशे वर्षांच्या अंतराने दोन निनावी माणसे दोन निरनिराळ्या गोष्टींतून एकच क्षण काढतात, आणि तिसरा एक मनुष्य धुळ्याच्या गल्लीत बसून केळीच्या बागेच्या गोष्टीतून तोच काढतो. मास्तरांनी अजिंठ्याचे अनुकरण केले असे आम्ही म्हणत नाही. आम्ही विचारले तेव्हा ते हसले मात्र. आमचे म्हणणे इतकेच की, गोष्ट पुरी ऐकलेला चित्रकार ह्या क्षणाकडे आपोआप येतो, आणि गोष्टीचा गोषवारा ऐकलेला चित्रकार विजेच्या कडकडाटाकडे जातो. कारण गोषवाऱ्यात घटनाच तेवढ्या उरतात. त्या कोणाच्या चेहऱ्यावर उमटल्या हे त्यात राहत नाही.

आणखी एक गोष्ट अजिंठ्यात पाहण्यासारखी आहे. तेथील कथा आपण ज्या क्रमाने सांगतो त्या क्रमाने मांडलेल्या नाहीत. श्लिंगलॉफ प्रभृती अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, एका कथेतील प्रासादात घडणारे प्रसंग, ते आरंभीचे असोत की अखेरचे, पुष्कळदा एकत्र येतात, आणि अरण्यातले अरण्यापाशी. काळाचा धागा तोडून स्थळाचा धरला आहे. प्रथम हा गोंधळ वाटतो. परंतु आपल्याच घराण्यातील जुन्या गोष्टी आपण कशा आठवितो? ओटीवर काय काय झाले, विहिरीवर काय काय झाले, अशाच ना? परक्याच्या गोष्टीशी इतकी सलगी करण्याचा अधिकार त्या चित्रकारांनी घेतला, आणि भिक्षूंनी तो घेऊ दिला.

लेखक हा अधिकार सहसा देत नाहीत. इंग्रजी वाङ्मयात ह्याचे एक दारुण उदाहरण आहे. 1836 साली रॉबर्ट सीमूर ह्या नावाजलेल्या व्यंगचित्रकाराच्या चित्रांखाली मजकूर लिहिण्यासाठी प्रकाशकांनी एक चोवीस वर्षांचा तरुण नेमला. चित्रे मुख्य आणि मजकूर दुय्यम, असा मूळचा बेत. त्या तरुणाने तो पाहता पाहता उलटा केला, कारण त्याचे नाव चार्ल्स डिकन्स होते आणि ते पुस्तक म्हणजे ‘पिकविक पेपर्स’. मासिक हप्त्यांचे काम. दुसऱ्या हप्त्यातील एका मरणोन्मुख विदूषकाच्या चित्रावर डिकन्सने दोष काढला व ते पुन्हा करावयास सांगितले. सीमूरने ते केले आणि त्यानंतर लवकरच बंदुकीने आत्महत्या केली. त्याच्या मृत्यूची सारी जबाबदारी डिकन्सवर टाकणे न्यायाचे होणार नाही. सीमूरच्या मनावर दुसरी ओझी होती. पण डिकन्सची जी बाजू वाङ्मयाच्या इतिहासात सांगितली जाते, तिच्याइतकी सीमूरची सांगितली जात नाही, हेही खरे. ह्याच्या उलट लुईस कॅरल. त्याच्या ॲलिसच्या दुसऱ्या पुस्तकात एका गांधीलमाशीचे प्रकरण होते. चित्रकार टेनियल ह्याने कळविले की, ह्या प्रकरणात मला रस वाटत नाही आणि त्याचे चित्रही मला सुचत नाही. कॅरलने ते प्रकरण गाळून टाकले. आमच्यापैकी किती लेखक असे करतील? आम्ही तर विशेषणासाठी दोन दिवस मागून घेतले होते.

आता आपल्याकडे यावे. काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक 1909 साली काढला तेव्हापासून ही सचित्र अंकांची परंपरा धरावी लागते. तिच्यातील चित्रांचे रूप बरेचसे छापखान्याने ठरविले आहे, ही गोष्ट टीकाकार विसरतात. खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्राचा जस्ताचा ठसा, ज्याला छापखान्यात ब्लॉक म्हणत, करून घ्यावा लागे. निव्वळ काळ्या रेषेचे चित्र असेल तर ठसा स्वस्त पडे आणि साध्या कागदावर मजकुराबरोबर उठे. छायाप्रकाशाचे चित्र असेल तर जाळीचा ठसा, गुळगुळीत कागद, आणि वेगळा खर्च. म्हणून गोष्टीच्या माथ्यावर रेषा आली. मराठी कथाचित्रांतील रेषेचे जे वैभव आपण वाखाणतो, त्याच्या मुळाशी काटकसर आणि घाई ह्या दोन गृहिणी आहेत.

त्या रेषेचे दीनानाथ दलाल हे मोठे धनी. गोव्याहून मुंबईस आलेल्या ह्या चित्रकाराने 1945 साली स्वतःचाच ‘दीपावली’ अंक सुरू केला, म्हणजे घाई करणारा आणि घाईत सापडलेला, दोन्ही तेच. त्यांच्या चार फटकाऱ्यांत जे येई ते इतरांच्या चार तासांत येत नसे. पण एक तक्रार नोंदवून ठेवतो. दलालांच्या स्त्रिया सुंदर असत, आणि कधी कधी गोष्टीला परवडणार नाही इतक्या सुंदर असत. लेखकाने उपाशी ठेवलेली विधवा चित्रात आली की तिच्या दंडाला गोलाई येई. रघुवीर मुळगावकर हेही गोव्याचेच. त्यांनी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांस मुखपृष्ठे दिली, त्यांकडे शिष्ट मंडळी तुच्छतेने पाहत. आम्हांस मात्र तेथे एक शहाणपण दिसते. रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर खुनी कोण हे दाखवून चालत नाही. घटना राखून तिची चाहूल तेवढी दाखवावी लागते. जे नियम धंद्याने तेथे लावून दिले ते गंभीर कथांच्या चित्रांस कोणी लावले नाहीत, आणि त्यामुळे कितीतरी उत्तम कथांचे शेवट त्यांच्या मथळ्यावरील चित्रांनीच फोडून टाकले आहेत.

वसंत सरवटे ह्यांची जात वेगळी. ‘बटाट्याची चाळ’ मधील त्यांची चित्रे काढून टाकली तर पु. ल. देशपांडे ह्यांचा एकही विनोद कमी होणार नाही, पण चाळीतील काही माणसे मात्र कमी होतील. विनोदी लेखाच्या चित्रकाराला मोह असतो तो लेखकाचाच विनोद पुन्हा चित्रात सांगण्याचा. सरवटे तो टाळीत आणि लेखकाचे जिकडे लक्ष नाही अशा कोपऱ्यात जाऊन बसत. पेशाने ते इंजिनियर होते. पोटासाठी चित्रे काढावी लागली नाहीत, म्हणून सावकाश वाचता आले, असा कोणी निष्कर्ष काढील. आम्हांस तो पुरता पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

कारण मास्तरांनी त्या दिवशी जाता जाता जे सांगितले ते हिशेबाचेच होते. गोष्ट पुरी वाचून चित्र काढावयास जितके मिळते तितकेच न वाचता काढावयास मिळते. नऊ गोष्टी वाचावयाच्या तर एक रात्र वाचण्यातच जाते. मग वाचावे कोणी आणि का? शिवाय अंकात लेखकाचे नाव मोठ्या अक्षरात, आणि चित्रकारांची नावे अनुक्रमणिकेच्या तळाशी एकत्र. कोणते चित्र कोणाचे हे ओळखावयाचे असेल तर कोपऱ्यातील सहीवर भिंग धरावे. हे सांगताना त्यांच्या स्वरात कडवटपणा नव्हता. त्यामुळे ते अधिक लागले.

अलीकडे दोन ओळी सांगताच क्षणभरात चित्र करून देणारी यंत्रे निघाली आहेत आणि काही अंकांतून त्यांची चित्रेही दिसू लागली आहेत. ती पाहून पुष्कळांस धक्का बसतो. आम्हांस त्यात नवीन काही दिसले नाही. केळीची बाग, वादळ, म्हातारा, दुःखी, एवढेच सांगितले तर यंत्र वीज काढील, कपाळावरचा हात काढील, आणि केळी कदाचित मास्तरांहून बरी काढील. माणसाला यंत्रासारखे वागविण्याची रीत आपण आधीच पाडून ठेवली होती. आता खरे यंत्र आल्यावर ते स्वस्त पडते, एवढाच फरक. ज्या संपादकास गोषवाऱ्याचे चित्र पाहिजे त्याने ते यंत्राकडून अवश्य घ्यावे. ज्यास गोष्टीचे चित्र पाहिजे त्यास गोष्टच पाठवावी लागेल, आणि ती वेळेवर मिळावी म्हणून लेखकाच्या मागे लागावे लागेल. ह्या दुसऱ्या कामाचा कंटाळा हेच बऱ्याच चित्रांच्या दुर्दशेचे मूळ आहे, असे आमचे मत झाले आहे.

मास्तरांचे ते दुसरे चित्र कोठेही छापले गेले नाही. अंक निघून गेलेला होता. त्यांनी ते आम्हांस दिले. ते आमच्या टेबलासमोर टांगलेले आहे, आणि घरी येणारे लोक त्याखालची गोष्ट विचारतात तेव्हा आम्ही ती सुनेपासून सांगावयास सुरुवात करतो.

यंदाची गोष्ट आम्ही श्रावण संपण्यापूर्वीच पाठविली आणि संपादकांस विनंती केली की, ती जशीच्या तशी धुळ्यास जावी. चार दिवसांनी मास्तरांचा फोन आला. गोष्ट दोनदा वाचली म्हणाले, चित्र अजून सुचलेले नाही, पण एक अडचण आहे. गोष्टीतील घराचा ओटा पूर्वेकडे आहे की पश्चिमेकडे? सकाळ असेल तर म्हातारीच्या तोंडावर ऊन पडेल, आणि मग ती तसे बोलणार नाही.

आम्ही हस्तलिखित काढून पाहिले. ओटा कोणत्या दिशेला आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते.